२३४ जागांचे बहुमत आणि तरीही अपुरे : द्वैभाषिक मुंबई राज्याची साडेतीन वर्षे

फेब्रुवारी-मार्च १९५७ मध्ये मुंबई राज्याच्या विधानसभेची निवडणूक झाली. एकूण जागा ३९६, त्यांपैकी काँग्रेसला २३४. बहुमताला लागत होत्या १९९. म्हणजे ३५ आमदार जास्तीचे, आणि एकूण मतांपैकी जवळपास निम्मी मते पदरात. कागदावर हे भक्कम बहुमत होते. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण तेव्हा ४४ वर्षांचे होते, आणि विरोधकांची मोट कितीही बांधली तरी सरकार पाडता येणार नव्हते.

आणि तरीही तीन वर्षांनी, १ मे १९६० रोजी, हे राज्यच उरले नाही. सरकार पडले नाही, पक्ष फुटला नाही, सभागृहात अविश्वासाचा ठराव मंजूर झाला नाही. राज्य मिटले, आणि ते मिटवणारे विधेयक याच बहुमताच्या संमतीने पुढे गेले. निवडणुकीनंतर सत्ताधारी पक्षाने किती मजल मारली आणि त्याच्यापुढे काय उरले, याचा हिशेब आपण सहसा जागांच्या आकड्यांवरून मांडतो. १९५७ चे मुंबई राज्य हा हिशेब चुकवणारे उदाहरण आहे. ते बहुमत सरकार चालवायला पुरले, राज्य टिकवायला पुरले नाही. याचे कारण समजायला थोडे मागे जावे लागते.

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली भाषावार राज्यांची मागणी बहुतेक ठिकाणी मान्य केली, पण मुंबईच्या बाबतीत हात आखडता घेतला. मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र ठेवून द्वैभाषिक राज्य करावे, विदर्भ मात्र वेगळा असावा, अशी त्याची शिफारस होती. त्यावर वादळ उठले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला आणि १५ माणसे गेली. १६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली, तेव्हा गिरणगावापासून गिरगावापर्यंत शहर पेटले आणि पुन्हा गोळ्या चालल्या. या आंदोलनात शंभरावर माणसे मृत्युमुखी पडली. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात, मुंबईसह मराठी भाषकांचे एक राज्य मागणारी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. केंद्रातले अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी याच प्रश्नावर राजीनामा दिला.

मग ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेत एक वेगळाच तोडगा पुढे आला: तीन राज्ये नकोत, मुंबई केंद्रशासितही नको, विदर्भ आणि मराठवाड्यासह सगळे मराठी व गुजराती प्रदेश मिळून एकच विशाल राज्य. यात जुन्या मुंबई राज्याबरोबर सौराष्ट्र आणि कच्छ आले, मध्य प्रदेशातून विदर्भाचे आठ जिल्हे आले, हैदराबाद राज्यातून मराठवाड्याचे पाच जिल्हे आले. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार म्हैसूर राज्याला गेले. क्षेत्रफळाने हे देशातले सर्वांत मोठे राज्य झाले.

दिल्लीला वाटले, प्रश्न सुटला. प्रत्यक्षात आतापर्यंत शांत असलेला गुजरातही बिथरला. ८ ऑगस्ट १९५६ ला अहमदाबादेत काँग्रेस भवनासमोर जमलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि वेगळ्या गुजरात राज्यासाठी महागुजरातचे आंदोलन सुरू झाले. आधी एक बाजू नाराज होती, आता दोन्ही.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य अस्तित्वात आले. त्याआधी पक्षात नेतेपदाची लढत झाली. मोरारजी देसाई यांनी दिल्लीची वाट धरली आणि चव्हाणांनी भाऊसाहेब हिरे यांचा ३३३ विरुद्ध १११ असा पराभव केला. या आकड्यांत पुढची सगळी कहाणी दडलेली आहे. हिरे हे महाराष्ट्र काँग्रेसमधले मोठे नेते, संयुक्त महाराष्ट्राचे पुरस्कर्ते. चव्हाणांना निवडून देणाऱ्यांत गुजराती आमदारांचा वाटा मोठा होता. मराठी राज्यासाठी लोक रस्त्यावर मरत असताना, मराठी मुख्यमंत्री गुजराती मतांच्या आधाराने खुर्चीवर बसला, असे समितीच्या सभांत बोलले जाई. त्यात कडवटपणा होता आणि काही प्रमाणात तथ्यही होते. आदल्या वर्षी फलटणला चव्हाणांनी संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूने राहू, अशी भूमिका जाहीर केली होती. ती लोक विसरले नव्हते.

अशा वातावरणात निवडणूक आली. समितीत कम्युनिस्ट होते, प्रजासमाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) होता, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होते आणि जनसंघ, हिंदुमहासभाही. एरवी एकमेकांच्या सभेकडे पाठ फिरवणारे हे पक्ष एका मागणीपायी एकाच व्यासपीठावर आले. लोकसभेला मुंबईतून श्रीपाद अमृत डांगे, पुण्यातून ना. ग. गोरे, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील, नाशकातून दादासाहेब गायकवाड, राजापुरातून नाथ पै निवडून आले. आणि धुळ्यातून उत्तमराव पाटील व रत्नागिरीतून प्रेमजीभाई आसर हे जनसंघाचेही दोघे. विधानसभेवर पुण्यातून एस. एम. जोशी गेले, दादरमधून आचार्य अत्रे. काँग्रेसची मोठमोठी माणसे आपापल्या बालेकिल्ल्यात आडवी झाली. खुद्द मुख्यमंत्री कराडमध्ये शेकापच्या केशवराव पवारांविरुद्ध दोन हजारांच्या आतल्या मताधिक्याने कसेबसे तरले.

म्हणून २३४ हा आकडा नकाशावर ठेवून पाहावा लागतो. गुजरातच्या १३२ जागांपैकी सुमारे शंभर काँग्रेसकडे आल्या. विदर्भ आणि मराठवाड्यातही काँग्रेसने मोठी बाजी मारली. मुंबई शहर जवळजवळ निम्मेनिम्मे विभागले गेले. पश्चिम महाराष्ट्रात मात्र, म्हणजे कोकण, देश (घाटावरचा मुलूख) आणि खानदेशात, पक्षाच्या वाट्याला जेमतेम चौथा हिस्सा आला. मराठी भागाच्या एकूण २६४ जागा बाजूला काढल्या तर काँग्रेस निम्म्याच्या रेषेवर, अगदी काठाला लागून उभी होती.

विदर्भ आणि मराठवाड्याने वेगळा कौल का दिला, याबद्दल तेव्हापासून वाद आहेत. माझ्या मते त्यात गूढ काही नाही. मराठवाडा जेमतेम आठ-नऊ वर्षांपूर्वी निजामाच्या राजवटीतून सुटला होता, आणि तिथल्या मुक्तिलढ्याची पुण्याई काँग्रेसच्या गाठीशी होती. द्वैभाषिकात का होईना, पण मराठवाड्याचा माणूस पहिल्यांदाच इतर मराठी माणसांबरोबर एका राज्यात आला होता. त्याच्या दृष्टीने निम्मे काम झालेच होते. विदर्भात स्वतंत्र राज्याची भावना जोरात होती, मुंबईसाठी रक्त सांडण्याइतकी ओढ तिथे नव्हती. गोळीबार जिथे झाले, मत तिथे फिरले.

या बहुमताचा स्वभाव असा की त्याचा एकही मोठा भाग दुसऱ्यावाचून उभा राहू शकत नव्हता. गुजरातचे आमदार गेले तर सरकार अडचणीत. विदर्भाचे रुसले तर मराठी भागात पक्ष अल्पमतात. पक्षांतरबंदीचा कायदा तेव्हा नव्हता. तरीही साडेतीन वर्षे हे सरकार एकदाही डळमळले नाही, याचे श्रेय चव्हाणांच्या माणसे सांभाळण्याच्या हातोटीला द्यावे लागते. अर्थखाते डॉ. जीवराज मेहता यांच्याकडे होते. विदर्भातून मारोतराव कन्नमवार आणि वसंतराव नाईक मंत्रिमंडळात होते. त्या एका मंत्रिमंडळातून पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री मिळाले आणि महाराष्ट्राचे तीन.

विधानसभा तेव्हा आजच्या विधानभवनात भरत नसे. गेट वेजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये, जिथे आता राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे, तिथे बैठका होत. अध्यक्षस्थानी सयाजी सिलम, विरोधी बाकांवर एस. एम. जोशी, अत्रे, उद्धवराव पाटील यांच्यासारखी माणसे. सभागृहात मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषा ऐकू येत. विरोधकांची संख्या कमी होती, पण बाहेरचा आवाज त्यांच्या बाजूचा होता. मुंबई महापालिका तर समितीने जिंकलीच. कम्युनिस्ट पक्षाचे एस. एस. मिरजकर १९५८ मध्ये महापौर झाले आणि त्यांच्यानंतर पी. टी. बोराळे. राज्याचे सचिवालय एका पक्षाकडे, आणि ते ज्या शहरात उभे त्या शहराची पालिका दुसऱ्याकडे, अशी स्थिती होती.

आता या सरकारने केले काय, ते पाहू. इथे मला जरा थांबावेसे वाटते, कारण संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात लढ्याचे वर्णन भरभरून असते, पण द्वैभाषिकाच्या कारभाराला चार ओळीही मिळत नाहीत. ते न्याय्य नाही.

पहिली अडचण कायद्यांची होती. एका राज्यात पाच निरनिराळ्या परंपरांचे कायदे लागू होते. मुंबईचा शेतकरी एका कूळकायद्याखाली, वऱ्हाडचा दुसऱ्या, मराठवाड्याचा हैदराबादच्या तिसऱ्या, सौराष्ट्राचा चौथ्या. विक्रीकर वेगळा, दारूबंदीचे नियम वेगळे, गावकारभाराच्या पद्धती वेगळ्या, नोकरांच्या वेतनश्रेणी वेगळ्या. नागपूरहून मुंबईला बदलून आलेल्या कारकुनाची ज्येष्ठता कशी धरायची, इथपासून गाठी सोडवायच्या होत्या. हे काम सभेत टाळ्या मिळवून देणारे नसते. पण याच काळात या विधिमंडळाने एकामागून एक मूलभूत कायदे केले. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ सालचा, तो १ जून १९५९ पासून लागू झाला. मुद्रांक कायदा १९५८ चा. मोटार वाहन कराचा कायदा १९५८ चा. विदर्भासाठी वेगळा कूळकायदा १९५८ चा. राज्यभर एकसारखा विक्रीकर १९५९ मध्ये आला आणि दारूबंदीही त्याच वर्षी नव्या भागांपर्यंत नेली गेली.

यांतले बरेच कायदे नाव बदलून आजही महाराष्ट्रात चालू आहेत. घर घेताना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आपण जे मुद्रांक शुल्क भरतो, ते या द्वैभाषिक विधानसभेने केलेल्या कायद्याखाली. गावात ग्रामसभा भरते, सरपंचावर अविश्वास येतो, तेही १९५८ च्या कायद्याच्या चौकटीत. राज्य गेले आणि त्याचे कायदे राहिले.

कूळकायद्याची तर वेळच विलक्षण होती. जुन्या मुंबई राज्यातल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला होता. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले जाणार होते. निकाल लागून जेमतेम काही दिवस झालेले, पश्चिम महाराष्ट्राने सत्ताधाऱ्यांना झिडकारलेले, आणि नेमक्या त्याच भागात हा कायदा राबवायचा होता. सरकारने तो राबवला. पळवाटा निघाल्या, अनेक कुळांनी दबावापोटी जमिनी सोडून दिल्या, हेही खरे. तरी पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतजमिनीच्या मालकीचे चित्र बदलायला त्यामुळे मोठा हातभार लागला.

आणि महार वतनांचा कायदा. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनदारीच्या जोखडाविरुद्ध विधेयक मांडले होते. ते मंजूर झाले नाही. त्यानंतर तीस वर्षे गेली. डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर भरलेल्या या सभागृहाने १९५८ सालचा कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या गावाची, सरकारची पडेल ती कामे वतनाच्या तुकड्यापायी करावी लागणे कायद्याने संपले. जमिनी नजराणा घेऊन, नव्या शर्तीने परत देण्याची तरतूद झाली. या शर्ती आणि परवानग्यांमुळे पुढे वतनजमिनींचे असंख्य तंटे झाले, ते अजूनही महसूल कार्यालयांत दिसतात. पण पाया त्या कायद्याने बदलला. विरोधी बाकांवर फेडरेशनचे आणि पुढे रिपब्लिकन पक्षाचे आमदार होते, समितीत होते, सरकारशी भाषेच्या प्रश्नावर भांडत होते. आणि हा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंच्या बाकांना आपला वाटावा असा होता. मला या साडेतीन वर्षांतली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

मराठवाड्यासाठी औरंगाबादला विद्यापीठ झाले. २३ ऑगस्ट १९५८ ला नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तोवर तिथल्या मुलाला पदवीसाठी हैदराबादकडे पाहावे लागे. कोयनेचे काम आधीच सुरू झाले होते, ते पुढे सरकत राहिले.

एवढे करूनही सरकारला मान्यता मिळत नव्हती. कारभार चांगला आहे, असे विरोधकही खासगीत म्हणत. आणि सभेत त्याच सरकारने चालते व्हावे म्हणून घोषणा देत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

३० नोव्हेंबर १९५७ चा प्रतापगड हा या तणावाचा कळस. गडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण नेहरूंच्या हस्ते व्हायचे होते. महाराष्ट्राला मुंबई नाकारणाऱ्या पंतप्रधानाने महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करावे, याला समितीचा विरोध होता. महाराजांबद्दल नेहरूंच्या जुन्या लेखनातली काही विधानेही लोकांच्या मनात होती. वाईपासून पसरणी घाटाच्या वाटेवर हजारो माणसे काळी निशाणे घेऊन उभी राहिली. गाड्यांचा ताफा त्या रांगांमधून गेला. चव्हाणांच्या सरकारपुढे दोन वाटा होत्या: वाटेवरची माणसे हटवायची किंवा त्यांना उभे राहू द्यायचे. नेत्यांशी बोलणी होऊन निदर्शने होऊ दिली गेली. गोळी चालली नाही, मोठा दंगा झाला नाही, अनावरणही पार पडले.

माझ्या दृष्टीने त्या दिवशी बहुमताने स्वतःची मर्यादा ओळखली. जानेवारी १९५६ च्या मुंबईत सत्तेने लोकांपुढे बंदूक धरली होती. दोन वर्षांच्या आत त्याच पक्षाचे सरकार लोकांना निषेध करू देत होते, आणि देशाचा पंतप्रधान तो निषेध मैलोन्‌मैल स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होता. गडावर पोचेपर्यंत नेहरूंना जे कळले असेल, ते कुठल्या निवेदनाने कळले नसते.

गुजरातच्या बाजूने काही वेगळे घडत नव्हते. महागुजरात आंदोलनाचे नेते इंदुलाल याज्ञिक १९५७ मध्ये अहमदाबादेतून लोकसभेवर निवडून गेले होते. गोळीबारात गेलेल्यांच्या आठवणीसाठी काँग्रेस भवनासमोर स्मारकाचा खांब उभारण्यावरून ऑगस्ट १९५८ मध्ये तिथे सत्याग्रह पेटला आणि पुन्हा गोळीबार झाला. गुजराती काँग्रेस आमदारांना आपल्याच मतदारसंघात तोंड दाखवणे अवघड होऊ लागले. बहुमताचा सर्वांत भरवशाचा कोपरा तोच होता, आणि तो आतून पोखरला जात होता.

याच काळात विरोधकांनाही तडे जात होते, हे सांगायला हवे. समितीला एकत्र बांधणारी मागणी एकच होती. तिच्या पलीकडे कम्युनिस्ट आणि समाजवादी यांचे पटणे कठीण होते. हंगेरीतला उठाव सोव्हिएत फौजांनी १९५६ मध्ये चिरडला होता ते प्रकरण ताजे होते, १९५९ मध्ये तिबेटवरून वाद वाढला. १९५८ च्या अखेरीस समितीने बेळगावकडे सीमासत्याग्रह सुरू केला, तेव्हाही त्याच्या आखणीवरून कुरबुरी झाल्या. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह उभा केला, त्याचा प्रश्न भाषेचा नव्हता, पोटाचा होता. शेकापमधली काही कर्ती माणसे चव्हाणांच्या शब्दाला प्रतिसाद देऊ लागली. यशवंतराव मोहिते पुढे काँग्रेसमध्ये आले. बेरजेचे राजकारण हा शब्द मराठीत रूढ झाला तो या काळातल्या चव्हाणांच्या वागण्यावरून.

म्हणजे १९५९ च्या मध्यावर चित्र असे होते: सत्ताधाऱ्यांकडे आकडे होते पण जनमन नव्हते, आणि विरोधकांकडे जनमन होते पण एकजूट सुटत चालली होती. तडजोडीला योग्य वेळ बहुधा अशीच येते.

फेब्रुवारी १९५९ मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. चव्हाणांनी दिल्लीला आता स्पष्ट सांगितले की आपण द्वैभाषिक प्रामाणिकपणे चालवले, पण ते लोकांच्या मनात रुजले नाही आणि १९६२ च्या निवडणुकीला या स्थितीत सामोरे जाणे पक्षाला झेपणारे नाही. त्यांच्या म्हणण्याला वजन होते ते याच कारणाने की त्यांनी आधी प्रयोग करून पाहिला होता. पहिल्याच दिवशी राजीनामा देऊन बाहेर पडलेल्या माणसाचे शब्द दिल्लीने जितके ऐकले असते, त्याहून साडेतीन वर्षे गाडा ओढलेल्याचे जास्त ऐकले. समितीच्या कार्यकर्त्यांना हे पटणार नाही. त्यांच्या मते राज्य मिळाले ते रस्त्यावरच्या रक्ताने. मला वाटते, रस्त्याने राज्य अटळ केले आणि सभागृहाने ते शांतपणे आणले. एकाला वगळून दुसऱ्याची कहाणी सांगता येत नाही.

काँग्रेसने नऊ जणांची समिती नेमली, गृहमंत्री गोविंदवल्लभ पंत यांच्या पातळीवर बोलणी झाली, आणि डिसेंबर १९५९ मध्ये कार्यकारिणीने विभाजनाला संमती दिली. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे विधेयक मतप्रदर्शनासाठी मुंबईच्या विधिमंडळाकडे आले. मार्च १९६० मध्ये त्या सभागृहाने स्वतःच्या राज्याच्या विसर्जनावर चर्चा केली.

ही चर्चा आनंदाची होती आणि तक्रारींचीही. डांग गुजरातला जाणार होता. ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याची ५० गावे आणि पश्चिम खानदेशातली १५६ गावे गुजरातकडे वळवली गेली. तापीवरच्या उकाई धरणाखाली जाणाऱ्या भागाचा संबंध त्यात होता. त्या गावांतल्या आदिवासींना कुठे जायचे, हे नीट विचारले गेले नाही. शिवाय नव्या गुजरातला राजधानी उभारण्यासाठी आणि सुरुवातीच्या तुटीसाठी महाराष्ट्राने काही कोटी रुपये द्यायचे ठरले. मुंबई आपलीच असताना तिच्यासाठी खंडणी का, असा समितीचा सवाल होता. सरकारपक्षाकडे उत्तर एवढेच, की रक्तपात न होता राज्य मिळते आहे, ते घ्या. विधेयक संसदेत मंजूर झाले आणि २५ एप्रिल १९६० ला राष्ट्रपतींची संमती मिळाली.

३० एप्रिलच्या मध्यरात्री राजभवनात नेहरूंच्या उपस्थितीत महाराष्ट्र राज्याचा शुभारंभ झाला. जीवराज मेहता अहमदाबादेत मुख्यमंत्री झाले. तिकडचा सोहळा साबरमती आश्रमात रविशंकर महाराजांच्या हस्ते झाला. विधानसभेची वाटणी सरळ मतदारसंघांनुसार: १३२ सदस्य गुजरातचे, २६४ महाराष्ट्राचे. गुजरातच्या आमदारांनी अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या इमारतीत आपली पहिली विधानसभा भरवली. निवडणूक पुन्हा झाली नाही. लोकांनी एका राज्यासाठी निवडून दिलेली माणसे आता दोन राज्यांत बसली होती.

१९६२ च्या निवडणुकीत महाराष्ट्र काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. पाच वर्षांपूर्वी जिथे तिचे पानिपत झाले होते, त्या पश्चिम महाराष्ट्रातच तिचा कणा पुढची कित्येक वर्षे राहिला. समितीतले पक्ष वेगळे लढले आणि विखुरले. ज्या मागणीने ते एकत्र आले ती पुरी झाली होती.

उरले ते प्रश्न मात्र १९५७ च्याच सभागृहातून आलेले आहेत. चव्हाणांच्या सरकारने जून १९५७ मध्येच केंद्राला निवेदन देऊन म्हैसूरमध्ये गेलेली मराठी बहुसंख्येची सलग गावे मागितली होती. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि सलगता हे त्याचे निकष. बेळगाव, निपाणी, कारवार विभाजनाच्या घाईत मागे पडले. १९६६ मध्ये या सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. विदर्भाने १९५७ मध्ये या बहुमताला भरभरून हात दिला. १९५३ च्या नागपूर करारातली विकासाच्या न्याय्य वाट्याची हमी आणि राज्यघटनेच्या ३७१ व्या अनुच्छेदातली तरतूद या दोन्हींवर विश्वास ठेवून तो मुंबईबरोबर राहिला होता. त्या तरतुदीनुसार विकास मंडळे प्रत्यक्षात यायला १९९४ साल उजाडले, आणि २०२० मध्ये त्यांची मुदत संपली.

बेळगावात दर १ नोव्हेंबरला मराठी माणसे अजूनही काळा दिवस पाळतात. ती तारीख द्वैभाषिक राज्याच्या जन्माची आहे.